निर्जन सह्याद्री : ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ची समीक्षा

कलाकृती वाईट असणे आणि कलाकृतीने अपेक्षाभंग करणे या दोन भिन्न गोष्टी होत. वाईट कृतीविषयी टीकाकाराला फारसे बोलावे लागत नाही. अपेक्षाभंग मात्र चांगल्या कृतीच्याच वाट्याला येतो. कारण अपेक्षा निर्माण करण्याचे सामर्थ्य तिच्यात, किंवा ती ज्या परंपरेतून आली त्या परंपरेत, आधी असावे लागते. म्हणून अपेक्षाभंगाची तक्रार मांडणाऱ्याने प्रथम हे दाखविले पाहिजे की, ती अपेक्षा रसिकाने बाहेरून लादलेली नसून कृतीनेच त्याच्या मनात रुजविलेली होती. नॉटी डॉग या अमेरिकन संस्थेने निर्माण केलेल्या ‘अनचार्टेड’ या मालिकेतील ‘द लॉस्ट लेगसी’ (ऑगस्ट २०१७) हा व्हिडिओ-खेळ या प्रकारच्या चर्चेस सर्वस्वी पात्र आहे. परीक्षकांनी त्याची मुक्तकंठाने स्तुती केली, मालिकेच्या चाहत्यांनीही त्याचे स्वागत केले. आणि तरीही सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या मराठी रसिकाला तो संपविल्यावर काहीतरी हुकल्याची जाणीव होते.

खेळ हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, या प्रश्नात फार वेळ दवडण्याचे कारण नाही. वेरूळच्या शिल्पकारांना शिवपार्वतीचा सारीपाट कैलासाच्या कथेइतकाच कोरण्याजोगा वाटला, आणि घारापुरीच्या एका भग्न पट्टातही काही अभ्यासक तोच प्रसंग पाहतात. जो विषय शिल्पाला वर्ज्य नव्हता तो समीक्षेने वर्ज्य मानण्याचे कारण नाही.

मालिकेचा प्रारंभ २००७ साली झाला. नेथन ड्रेक नावाचा एक हसतमुख धाडसी चोर, जुने नकाशे, विस्मृत नगरे आणि त्यांच्या मागावर असलेले सशस्त्र शत्रू, असा तिचा साचा आहे. तो चित्रपटांतून आणि साहसकथांतून उचललेला आहे हे उघड आहे. परंतु साच्यातून जिवंतपणा निर्माण करण्याची हातोटी या मालिकेपाशी होती. तिचा उत्कृष्ट दाखला २००९ च्या ‘अमंग थीव्ह्ज’ या दुसऱ्या भागात सापडतो. जखमी ड्रेक तिबेटमधील एका डोंगराळ खेड्यात शुद्धीवर येतो. त्याला खेड्यातून चालत जावयाचे असते, एवढेच. शस्त्र काढता येत नाही. एरवी ज्या कळेने ठोसा मारला जातो तीच कळ येथे दाबली असता ड्रेक समोरच्या गावकऱ्याशी हस्तांदोलन करतो. त्याचा वाटाड्या टेन्झिन तिबेटी बोलतो. त्याचे बोलणे ड्रेकला कळत नाही आणि त्याचा अनुवादही दिला जात नाही. खेळाडूच्या बोटाला जडलेली सवय त्या काही मिनिटांत त्याच्याच हातून निराळ्या अर्थाला जाते. जे कादंबरीला वर्णनाने आणि नाटकाला संवादाने साधावे लागेल ते येथे कृतीच्या अर्थांतराने साधले आहे. व्हिडिओ-खेळ या माध्यमाची स्वतंत्र शक्ती कोणती, हे सांगण्यासाठी याहून स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

‘द लॉस्ट लेगसी’विषयीच्या अपेक्षेचे मूळ येथे आहे. मालिका प्रथमच भारतात उतरत होती, आणि नायिका क्लोई फ्रेझर ही त्याच ‘अमंग थीव्ह्ज’मधून आलेली होती. या भागात ती अर्धी भारतीय असल्याचे व तिचे वडील गणेशाच्या दंताचा शोध घेता घेता मृत्यू पावल्याचे कळते. तोच दंत शोधण्यासाठी ती नादीन रॉस या भाडोत्री सैनिकी पथकाच्या माजी प्रमुख स्त्रीला बरोबर घेऊन सह्याद्रीत येते. होयसळ राजवटीची नगरे, बंडखोरांचा म्होरक्या असव आणि शेवटी धावत्या आगगाडीवरील संघर्ष, असा कथेचा ओघ आहे.

गुणांविषयी कंजूषपणा करणे अन्यायाचे होईल. क्लोई आणि नादीन यांच्यातील संशयाचे हळूहळू सख्यात होणारे रूपांतर उत्तम साधले आहे. दोन प्रौढ स्त्रियांना एकमेकींशी भांडू देणारे आणि मग हसू देणारे संवाद या माध्यमात दुर्मिळ आहेत. भग्न अवशेषांखाली अडकलेल्या हत्तीला सोडवून त्याच्या पाठीवरून पुढे जाण्याचा प्रसंग तर मालिकेतील सर्वांत कोमल प्रसंगांपैकी एक म्हणावा लागेल.

तथ्यांच्या चुका काढणे ही समीक्षेची सर्वांत सोपी आणि बहुधा सर्वांत निरुपयोगी शाखा होय. हळेबीडू आणि बेलूर ही कर्नाटकातील हासन जिल्ह्यात असलेली, एस. टी. सारख्या साध्या वाहनाने जाता येण्याजोगी गावे आहेत. बेलूरच्या चेन्नकेशव मंदिराची स्थापना १११७ साली झाली आणि तेथील पूजाअर्चा आजही चालू आहे. खेळात ही नगरे अरण्याने गिळलेली दाखविली म्हणून रागावण्यात अर्थ नाही. कल्पित कथेला तेवढे स्वातंत्र्य आहेच. परंतु प्रमाणाच्या बाबतीत जे झाले आहे ते केवळ तपशिलाच्या स्वातंत्र्यात बसत नाही. होयसळ कला उंचीची कला नव्हे. तारकाकृती जोत्यावर बसकी उभी राहणारी ती मंदिरे आपले सर्व ऐश्वर्य मऊ दगडातील सूक्ष्म कोरीव कामात ओततात, आणि तेथील अनेक शिल्पकारांनी आपल्या मूर्तींखाली आपली नावेही कोरून ठेवली आहेत. प्राचीन भारतीय कलेत हा एक विरळा प्रकार होय. खेळातील होयसळ सृष्टी मात्र डोंगराएवढे गणेश आणि परशुराम, पाण्याच्या लोंढ्याने फिरणारी यंत्रे आणि प्रचंड कमानी यांनी भरली आहे. जी परंपरा जवळ जाऊन पाहण्यासाठी होती ती दुरून दिपविण्यासाठी वापरली आहे. आणि ज्या परंपरेने कारागिराचे नाव जपले तिच्यातून माणूस वगळला आहे.

खेळाचे खरे वैगुण्य हेच आहे. सह्याद्रीच्या विस्तीर्ण खोऱ्यात खेळाडू गाडीतून तासन्‌तास हिंडतो. त्याला धबधबे, वानरे, भग्न मनोरे आणि असवचे सैनिक भेटतात. एखादी झोपडी, एखादे शेत, लाकडाची मोळी घेऊन जाणारी एखादी बाई भेटत नाही. जो भेटतो तो शत्रू असतो. येथपर्यंतच्या पश्चिम घाटात माणूस राहतच नव्हता असे मानल्याखेरीज ‘हरवलेला वारसा’ हे शीर्षकच अर्थपूर्ण होत नाही. ज्याला वारस आहेत तो वारसा हरवलेला नसतो.

उरण तालुक्यातून पाहिले म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. मोरा बंदरातून समोर दिसणारे घारापुरीचे बेट याच तालुक्यात मोडते. तेथील सहाव्या शतकाच्या सुमाराची शैव लेणी १९८७ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदविली गेली. पोर्तुगिजांनी तेथील दगडी हत्तीवरून बेटाला एलिफंटा हे नाव दिले. तो हत्ती पुढे भंगला आणि आज तो मुंबईत भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. त्या लेण्यांच्या खाली शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या वस्त्या नांदत आहेत. पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना त्यांचीच दुकाने आहेत. ‘द लॉस्ट लेगसी’ बाजारात आला तेव्हा या बेटावर विजेची कायमची सोय नव्हती. समुद्राखालून तार टाकून ती फेब्रुवारी २०१८ मध्ये आली. सदाशिवाच्या भव्य मुखाला जगाने वारसा म्हटल्यानंतर तीस वर्षांनी त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या घरात कायमचा दिवा लागला, या वस्तुस्थितीत जे नाट्य आहे त्याची कल्पनाही ‘हरवलेल्या नगरा’च्या कथेला येऊ शकत नाही.

अरण्याचीही तीच गोष्ट. उरण तालुक्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला आणि अक्कादेवीच्या रानात गोळीबारात माणसे मारली गेली. रानात कोणी जावे, लाकूड कोणी तोडावे, हा त्या लढ्याचा प्रश्न होता. सह्याद्रीच्या रानाला असे हक्कदार आहेत. त्याला निर्जन कल्पिणे हे चित्रकाराच्या दृष्टीने सोयीचे असेल. परंतु ज्या सरकारी नजरेला रानातील माणूस दिसत नव्हता तिच्याशी या कल्पनेचे नाते फार जवळचे आहे. आणि गावे ‘हरवतात’ तीही अरण्याच्या वाढीने नव्हे. न्हावा-शेवा बंदराच्या उभारणीसाठी १९८० च्या दशकात शेव्याचा कोळीवाडा उठविला गेला; त्याचा मागोवा घेऊ पाहणाऱ्याला प्राचीन नकाशा नको, भूसंपादनाचे कागद पुरतात.

या आक्षेपावर एक उत्तर संभवते : साहसकथेकडून समाजदर्शनाची मागणी करू नये. उत्तर रास्त आहे, आणि मागणी केवळ समाजदर्शनाची असती तर ते निर्णायकही ठरले असते. परंतु खेळाने स्वतःच एक विषय मांडला आहे, आणि तो विषयच या निर्जनतेमुळे कोसळतो. क्लोई नादीनला गणेशाचा दंत कसा मोडला ते सांगते. शिवाच्या द्वारी पहारा करणारा गणेश परशुरामाला अडवितो. परशुराम आपला परशू फेकतो. तो परशू पित्याने दिलेला म्हणून गणेश त्याचा मान राखतो आणि प्रतिकार न करता घाव दंतावर झेलतो. ब्रह्मांडपुराणात या प्रसंगाचा विस्तार आहे. परशुरामाच्या नावाशी बांधलेल्या कोकणातील वाचकाला तर ही कथा दुहेरी ओळखीची. समुद्र हटवून भूमी निर्माण करणारा तो हाच. (कोकणच्या कथेत हे काम बहुधा बाण करतो, केरळच्या कथेत परशू, हा भेद मनोरंजक आहे.) क्लोईला या कथेत आपले आणि आपल्या वडिलांचे नाते दिसते, आणि कथेची निवड अत्यंत मार्मिक आहे. जो वार परतवू शकत होता त्याने तो झेलला, हे तिचे सार आहे.

आता खेळाडूच्या हाताकडे पाहावे. कथा ऐकण्यापूर्वी त्या हातांना जे करावयाचे होते तेच नंतरही करावयाचे असते : चढणे, लपणे, नेम धरणे. काही ठिकाणी शत्रूला टाळून पुढे सरकण्याची मुभा आहे, हे खरे. परंतु ती युक्ती आहे, संयम नव्हे. झेलण्याचा, हात आवरण्याचा, प्रतिकाराची शक्ती असून ती न वापरण्याचा एकही प्रसंग खेळाच्या नियमांत घडविलेला नाही. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांचा जो विचार मांडला त्याच्या भाषेत बोलावयाचे तर येथे कथेचा घटक आणि क्रियेचा घटक यांच्यात संवाद नाही, आणि अर्थपूर्ण विरोधही नाही. ते नुसते शेजारी ठेवले आहेत. जी मालिका ठोशाच्या कळेतून हस्तांदोलन काढू शकत होती तिला गणेशाच्या कथेतून एकही कळ बदलावीशी वाटली नाही. आणि ती बदलण्यासाठी जे हवे होते ते या खोऱ्यात नव्हतेच : ज्याच्यावर हात उगारता येऊ नये असा माणूस.

याचा परिणाम शेवटावरही झाला आहे. दंत विकण्याचा विचार सोडून क्लोई तो सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या स्वाधीन करण्याचे ठरविते. हेतू स्तुत्य आहे. मालिकेच्या चौर्यप्रधान इतिहासात तो क्रांतिकारकही म्हणता येईल. परंतु वारसा एका परत आलेल्या कन्येच्या हातून थेट एका कार्यालयाच्या हाती जातो. मध्ये कोणी नाही, कारण मध्ये कोणी दाखविलेलेच नाही.

हा दोष परकीयत्वाचा आहे असे मानून समाधान करून घेणे चुकीचे ठरेल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ प्रसिद्ध केला. दुर्गा आणि विष्णू यांच्या निवेदनातून उलगडणारी ही एका डोंबारी मुलीची कथा आहे. भिंतीवरील चित्रांपुढे थांबून पुराणकथा ऐकण्याचे तिचे प्रसंग मनोहर आहेत, आणि देवतांच्या प्रतिमा तेथे सजावट म्हणून येत नाहीत. तथापि राजीही बहुतांशी ओस पडलेल्या प्रासादांतूनच धावते. भारतीय भूमी दाखविणाऱ्या खेळांत भारतीय माणूस का मावत नाही, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच उरतो. मात्र ‘राजी’पाशी तिबेटी खेड्याची पूर्वपुण्याई नव्हती, आणि म्हणून तिच्याकडून झालेला अपेक्षाभंगही तितका तीव्र नाही.

‘द लॉस्ट लेगसी’च्या आरंभी एक रात्रीचा बाजार आहे. दुकाने, कापडे, गर्दी, आणि क्लोईशी बोलणारी मीनू नावाची एक लहान मुलगी. खेळातील भारतीय सामान्य जीवनाचे हेच एकमेव दर्शन होय, आणि ते काही मिनिटांचेच असले तरी जिवंत आहे. त्यानंतर क्लोई सैनिकांच्या पहाऱ्याखालील नगरातून छपरांवर चढते, पुढे डोंगरांत जाते, आणि ती मुलगी कथेतून नाहीशी होते. खेळ संपून श्रेयनामावली सुरू झाल्यावर ती पुन्हा दिसते, क्लोई आणि नादीन यांच्या शेजारी बसून पिझ्झा खाताना.