लीलाबाई काळभोरांना काढून बघा

'अशी ही बनवाबनवी' (१९८८) तुम्ही कितीदा पाहिलाय, हे विचारत नाही. आज या सिनेमातल्या एका सहायक भूमिकेबद्दल एक विधान करू आणि ते तपासू. रिसर्च प्रपोजलमध्येही शेवटी हेच करायचं असतं.

विधान असं: सचिन पिळगावकर दिग्दर्शित या सिनेमाचा विनोद नयनतारा यांनी साकारलेल्या घरमालकिणीवर, म्हणजे लीलाबाई काळभोरांवर उभा आहे. आपण संवाद पाठ केलेत ते मात्र अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचे.

तपासायचं कसं? एखाद्या जनुकाचं काम कळावं म्हणून जीवशास्त्रात ते निकामी करून बघतात, त्याला नॉकआउट म्हणतात. तसंच लीलाबाईंना कथेतून काढा. घर फक्त जोडप्यांनाच, ही त्यांची अट. अट गेली की परश्याला पार्वती आणि सुधीरला सुधा व्हायची गरजच नाही. साड्या गेल्या, डोहाळजेवण गेलं, निम्मा सिनेमा गेला.

इथे तुमचा गाइड अडवेल: "अट पटकथेतली आहे. यात अभिनेत्रीचं काय?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्यासाठी कंट्रोल लागतो. तो सिनेमातच आहे: सुधीर जोशींचे विश्वास सरपोतदार. तेही घरमालकच, पण संशयी आणि चिडके. धनंजय माने त्यांना बनवतो तेव्हा आपण बिनधास्त हसतो, कारण सामना बरोबरीचा वाटतो. नयनतारा मात्र आपण विनोदी सिनेमात आहोत असं दाखवतच नाहीत. त्या समोरच्यावर मनापासून विश्वास ठेवतात, जणू घरगुती कौटुंबिक चित्रपट चाललाय. म्हणून हसताना पोटात थोडी धाकधूक राहते: खरं कळल्यावर या बाईंना काय वाटेल? माझ्या मते ही धाकधूक नुसत्या पटकथेतून येत नाही, ती अभिनयातून येते.

जळगावात किंवा धुळ्याच्या देवपुरात खोली शोधताना "बॅचलर नको" ऐकलेल्यांना हे जास्त कळेल. आपण ही गोष्ट कायम भाडेकरूच्या बाजूने सांगतो. नयनतारांमुळे दार उघडणाऱ्या बाईची बाजूही दिसते, आणि तिची अट नुसती आडमुठी वाटत नाही.

आता मर्यादा. एकाच सिनेमावरून नियम काढता येत नाही. हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'मध्येही (१९६६) घर मिळावं म्हणून मित्र बायकांची सोंगं घेतात. दोन्ही सिनेमे शेजारी ठेवा आणि फसवले जाणाऱ्यांचेच चेहरे बघा. तिथेही तीच धाकधूक जाणवली, तर तिचं श्रेय पटकथेला जास्त द्यावं लागेल आणि माझं विधान ढिलं पडेल.

तसं झालं तर कमेंटमध्ये प्रसंगासकट लिहा. नुसतं "भारी अभिनय" चालणार नाही, व्हायवामध्येही चालत नाही.