मायोफॅशियल रिलीज : सुटतं ते नेमकं काय?

फिजिओथेरपीच्या कॉलेजात सिनॉप्सिसचे दिवस आले की एक विषय हमखास दिसतो. 'हॅमस्ट्रिंग टाइटनेसवर मायोफॅशियल रिलीजचा परिणाम.' दोन गट, एक गोनिओमीटर, काही आठवड्यांचे सेशन्स. शेवटी पी-व्हॅल्यू 0.05 च्या खाली आली की सगळे खूश. असे बरेच पेपर वाचल्यावर माझं मत असं झालंय की यांचा निकाल बऱ्याचदा ठीक असतो, गडबड असते ती स्पष्टीकरणात. आणि ते स्पष्टीकरण तर उपचाराच्या नावातच घालून ठेवलंय!

मटण साफ करताना मांसावरून पातळ, पांढरट, चिवट पडदा निघतो ना, तीच फॅशिया. ती आखडते, चिकटते, म्हणून हालचाल अडते. थेरपिस्टने सावकाश, दीड-दोन मिनिटं किंवा जास्त सलग दाब दिला की ती 'सुटते', असा एमएफआरचा दावा.

आता हा दावा तपासून बघू. 2008 मध्ये चौधरी आणि सहकाऱ्यांनी एक गणिती मॉडेल मांडलं. मांडीच्या बाहेरची जाड फॅशिया लाटा फक्त 1 टक्का दाबायची आणि 1 टक्का सरकवायची, तर किती जोर लागेल? उत्तर आलं, सरळ दाब सुमारे 925 किलोचा आणि आडवा जोर सुमारे 460 किलोचा. एवढा जोर कुठला थेरपिस्ट लावणार? नाकावरची पातळ फॅशिया मात्र हाताने बदलू शकते, असंही त्यात निघालं. हे मॉडेल आहे, जिवंत माणसावरचा प्रयोग नाही, हे लक्षात ठेवा. तरी फरक इतका मोठा आहे की 'हाताने पडदा ताणला' म्हणणाऱ्यानेच आता पुरावा द्यायला हवा.

मग हालचाल वाढते कशी? ती मोजतो कशी, ते आठवा. आपण गुडघा सरळ करत नेतो आणि पेशंट 'बास' म्हणाला की थांबतो. म्हणजे आकडा अंशांत असला तरी त्यात पेशंटची सहनशक्ती मिसळलेली आहे. वेपलर आणि मॅग्नुसन यांनी 2010 मध्ये स्ट्रेचिंगबद्दल हाच मुद्दा मांडला : बऱ्याचदा स्नायूची लांबी तीच राहते, ताणाची जाणीव बदलते. 2016 मध्ये केली आणि बिअर्ड्स्ली यांनी एकाच पायाची पोटरी फोम रोलरवर फिरवायला लावली. गंमत म्हणजे दुसऱ्या पायाच्या घोट्याची हालचालही वाढली. त्या पायाच्या फॅशियाला तर कुणी हातही लावला नव्हता! रोलर म्हणजे थेरपिस्टचा हात नव्हे, मान्य. पण दोन्हींसाठी स्पष्टीकरण एकच दिलं जातं, म्हणून हा निकाल दोन्हींना अडचणीचा आहे.

आता कंट्रोल ग्रुपकडे येऊ. टाचदुखीवर भारतात झालेली, 2014 ची अजिमशा आणि सहकाऱ्यांची ट्रायल घ्या. 66 पेशंट, 4 आठवडे, 12 सेशन्स. एमएफआर गटात त्रासाचा स्कोअर 72.4 टक्क्यांनी घटला, कंट्रोल गटात 7.4 टक्क्यांनी. आकडे दणदणीत आहेत. पण कंट्रोल काय होता? खोटा अल्ट्रासाउंड. एका गटाला माणसाचा हात, दुसऱ्याला मशीन. यातून 'हाताने उपचार केल्यावर बरं वाटतं' एवढं कळतं. त्यात एमएफआरच्या तंत्राचा वाटा किती आणि नुसत्या हाताचा किती, हे कळत नाही. त्यासाठी हलका, दिशाहीन स्पर्श देणारा गट लागतो. 2015 मध्ये याच अजिमशांच्या गटाने 19 ट्रायल्सचा आढावा घेतला, तेव्हा दर्जा आणि निकाल दोन्ही संमिश्र असल्याचं त्यांनीच नोंदवलं. हा प्रामाणिकपणा दाद देण्यासारखा आहे.

उपचार फुकट आहे, असं मी म्हणत नाही. दुखणं कमी झालं, तर ते पेशंटसाठी खरंच असतं. पण 'तुमची फॅशिया चिकटलीय' हे वाक्य पेशंट घरी घेऊन जातो. मग आपण आपलं काही करू शकत नाही, कुणीतरी दर आठवड्याला सोडवायला हवं, असं त्याच्या डोक्यात बसतं. उलट बदल जाणिवेत होत असेल, तर सेशननंतरच्या त्या मोकळ्या वेळात व्यायाम करून घेणं जास्त महत्त्वाचं ठरतं. स्पष्टीकरण बदललं की उपचाराचा क्रमच बदलतो.

म्हणून तुमच्या सिनॉप्सिसला हे चार प्रश्न विचारा :

1. कंट्रोल गटालाही तेवढाच वेळ, तेवढाच स्पर्श मिळतोय का?
2. मोजणाऱ्याला गट माहीत आहे का?
3. दिसलेला फरक गोनिओमीटरच्या चुकीपेक्षा मोठा आहे का?
4. फॅशियाबद्दल निष्कर्ष लिहिणार असाल, तर फॅशिया मोजली कुठे?

चौथ्याचं उत्तर 'मोजलीच नाही' असेल, तर निष्कर्षात फक्त हालचालीबद्दल लिहा. गाइडला वाक्य जरा फिकं वाटेल, पण व्हायव्हामध्ये ते टिकेल.