कबड्डीचा दम आणि टीव्हीचा कॅमेरा

खेळ कसा खेळला गेला यावर आपल्याकडे भरपूर लिहिले जाते. तो पडद्यावर कसा दाखवला गेला यावर क्वचितच. वास्तविक दाखवण्याच्या गरजेतून खेळच बदलतो. गोल्फचे उदाहरण घ्या. अठरा होलांवर विखुरलेले खेळाडू, कोण पुढे हे घरबसल्या कळायचे कसे? अमेरिकेत १९६० च्या मास्टर्स स्पर्धेच्या प्रक्षेपणात सीबीएसचे फ्रँक चर्किनियन यांनी एकूण फटके मोजण्याऐवजी ‘पार’पेक्षा किती कमी, किती जास्त, एवढाच आकडा दाखवला. अवघड हिशेब एका नजरेत आला. तिथे गोल्फचे नियम तसेच राहिले. कबड्डीत मात्र नियमालाच हात घालावा लागला.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक केले. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत तिला पदकाचा दर्जा मिळाला. तरी घराघरांत ती पोचली २६ जुलै २०१४ ला, प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा. चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आली. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवणे सक्तीचे झाले. या ‘डू ऑर डाय’ने खेळाचे भले केले, हे मान्यच केले पाहिजे. आघाडी घेतल्यावर निदान रेषेला पाय लावून परतायचे आणि वेळ काढायचा, हा कंटाळवाणा प्रकार त्यामुळे बराच आटोक्यात आला.

पण ३० सेकंदांच्या त्या घड्याळाने दुसरेही एक काम केले. हुतूतूत वेळ मोजायचा तो चढाईपटूचा श्वास. दम टिकेल तोवर चढाई, तुटला की बाद. पंच कान देऊन ऐकायचा आणि कडेला बसलेला म्हाताराही ‘दम गेला’ म्हणून ओरडायचा. दमाचा नियम आजही आहे. पडद्यावर मात्र तो ऐकू येत नाही. ढोल-संगीत, समालोचन आणि कोपऱ्यात उलटे धावणारे आकडे यांखाली तो बुडतो. कबड्डीला इतर खेळांपासून वेगळे करणारी गोष्टच प्रक्षेपणातून निसटली, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा आक्षेप कॅमेऱ्यावर. तो चढाईपटूच्या मांडीवर, दंडावर खिळतो. पकड मात्र सात जणांची असते: कोपरारक्षक अर्धे पाऊल मागे सरकतो, साखळी आत वळते, चढाईपटूला परतीची वाट बंद होते. २०१५ साली यू मुंबा विजेता ठरला, त्यात सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर या दोन कोपऱ्यांचा मोठा वाटा होता. एक कोपरा मोकळा सोडल्यासारखे दाखवतो तेव्हा दुसरा काय करतो, हे जवळच्या दृश्यात कळत नाही. दिसते ती शेवटची झडप, आणि तीच पुन्हा पुन्हा, संथ गतीत.

आमच्या वाशिम जिल्ह्यात याचा परिणाम दिसतो. कारंजा असो की रिसोड, गावच्या पटांगणावर चुन्याच्या रेषा आखून सामने होतात. पोरे उडी मारून सुटण्याचा सराव तासभर करतात, साखळीचा दहा मिनिटेही नाही. उडी त्यांनी पाहिलेली असते. साखळी कोणी दाखवलेलीच नसते. माइकवरचा निवेदकसुद्धा आता चढाईला ‘रेड’ आणि पकडीला ‘टॅकल’ म्हणतो. (‘लोण’ तेवढा अजून तग धरून आहे.) मुली कबड्डीत येऊ लागल्या, पालक त्यांना पाठवू लागले, यात टीव्हीचा वाटा आहे, हेही त्याच पटांगणावर दिसते. म्हणून प्रक्षेपण नको, असे मी म्हणत नाही.

मागणी साधी आहे. पकड झाली की आधी वरून पूर्ण मैदान दाखवावे, सातही जणांच्या हालचालींसह, झडप नंतर. आणि प्रत्येक डावात निदान एका चढाईपुरते संगीत व समालोचन थांबवून पंचाला जे ऐकू येते ते आम्हालाही ऐकू द्यावे.