कवीचा खुलासा आणि समीक्षकाचा अधिकार

परीक्षण हे निव्वळ आवडीनिवडीचे निवेदन ठरू नये, म्हणून कित्येक समीक्षक लेखकाच्या हेतूचा आश्रय घेतात. लेखकाने स्वमुखाने अर्थ सांगितला की वाद मिटला, अशी त्यामागील समजूत असते. रवींद्रनाथांच्या ‘सोनार तरी’ या कवितेवर ही समजूत पारखून पाहण्यासारखी आहे.

१८९४ साली याच नावाच्या संग्रहात आलेल्या या कवितेत भर पावसात नदीकाठी एकटा शेतकरी कापलेल्या भाताच्या राशींपाशी बसला आहे. कोणी गात गात नाव घेऊन येते, सारे पीक नेते. शेतकऱ्याला मात्र नावेत जागा उरत नाही. द्विजेंद्रलाल राय यांनी कवितेवर दुर्बोधतेचा आक्षेप घेतला. पुढे १९०९ साली शांतिनिकेतनातील एका प्रवचनात रवींद्रनाथांनी उलगडा केला : संसार माणसाचे कर्म स्वीकारतो, त्याच्या ‘मी’ला ठाव देत नाही. अर्थ मोलाचा खरा. पण संग्रह निघून पंधरा वर्षे लोटल्यावर रवींद्रनाथही आपल्या कवितेचे एक वाचकच झाले होते.

या कवितेचा अनुवाद करताना मला याचा प्रत्यय आला. बंगाली क्रियापदाला लिंग नसते; त्यामुळे नाव वल्हवणारी व्यक्ती पुरुष की स्त्री, हे मुळात अनिश्चित राहते. मराठीत ‘येतो’ की ‘येते’, हा प्रश्न उभा राहतो. कवीचा ‘संसार’ प्रमाण मानून मी प्रथम ‘येतो’ लिहिले. मग त्याच संग्रहातील अखेरची ‘निरुद्देश यात्रा’ आठवली. तेथे नाव नेणारी एक सुंदरी आहे. मला तीच अधिक भावली आणि मी ‘येते’ केले. पहिल्या खर्ड्यावर कवीच्या खुलाशाची सत्ता होती, दुसऱ्यावर माझ्या रुचीची. मूळ शब्दांनी मोकळी ठेवलेली जागा दोहोंनीही बुजविली. अखेर ‘येत आहे’ हे रूप घेतले. लय किंचित मंदावली, पण ती जागा मोकळी राहिली.

सहृदयावाचून रसास्वाद नाही, असे आपले साहित्यशास्त्रच सांगते. तेव्हा समीक्षेतील व्यक्तिनिष्ठेबद्दल लाज बाळगण्याचे कारण नाही. लेखकाचा खुलासा आणि समीक्षकाचा अनुभव या दोन साक्षी होत, आणि दोन्ही कवितेच्या शब्दांशी ताडून घ्याव्या लागतात. ज्या अर्थाला शब्दांचा आधार दाखविता येत नाही तो, कोणाचाही असो, केवळ मत म्हणूनच मांडावा.