मोबदला आणि वाटा : द्रोणागिरीच्या जमिनीवरील दोन राज्यविचार

राज्यपद्धतींचे विवेचन त्यांच्या घोषित तत्त्वांपासून आरंभण्याची प्रथा आपल्या अभ्यासकांत रूढ आहे. भांडवलशाही, समाजवाद, साम्यवाद ही नावे एकदा लावली की व्यवहार त्या नावांतून आपोआप निष्पन्न होतो, अशी ह्या विवेचनामागील धारणा असते. उरण तालुक्यातील द्रोणागिरीच्या परिसराचा इतिहास ह्या धारणेस अनुकूल साक्ष देत नाही.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावे नवी मुंबईच्या योजनेत आली. भातखाचरे, खाजणे, मिठागरे सारीच संपादनाच्या कक्षेत सापडली. तत्कालीन सत्ताधारी काँग्रेस पक्षाने १९५५ साली आवडी येथे समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केलेला होता. १ एप्रिल १९५७ रोजी त्याच पक्षाच्या शासनाखाली कुळकायद्याने कसणाऱ्यास मालक ठरविले होते. त्या मालकाकडून जमीन घेताना मात्र आधार घेतला गेला तो ब्रिटिश अमदानीतील १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा. ह्याचे कारण तत्त्वात शोधणे व्यर्थ होय. ते ताळेबंदात होते. कच्ची जमीन शेतीच्या भावाने घ्यावी, रस्ते व पाणी ह्यांची सोय करून ती चढ्या भावाने द्यावी आणि ह्या दोन भावांतील अंतरातून नगराचा खर्च भागवावा, अशी ती योजना होती. समाजवादाचा उच्चार करणारे शासन येथे जमिनीचे व्यापारी झाले.

समोर उभा होता शेतकरी कामगार पक्ष. १९५० च्या दाभाडी प्रबंधाने त्याने मार्क्सवाद-लेनिनवाद अंगीकारला होता, आणि कुलाबा जिल्ह्यात चरीच्या संपाची स्मृती त्याच्या पाठीशी होती. दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबार होऊन पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या लढ्यातून पुढे निष्पन्न झाले ते विकसित भूखंडाचे साडेबारा टक्के. १९९० व १९९४ च्या शासननिर्णयांनी त्यास रूप आले. सामूहिक मालकीचा सिद्धान्त मानणाऱ्या पक्षाने शेतकऱ्याच्या पदरात विकता येण्याजोगा खाजगी भूखंड टाकला. ह्यास तत्त्वच्युती म्हणणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य नाही. जमिनीची किंमत ती हातून गेल्यावरच वाढते, हे ज्यास उघड दिसत होते त्याने त्या वाढीवर हक्क सांगावा ह्यात गैर काय? खरा आक्षेप निराळाच आहे. टक्केवारी मोजली गेली ती सातबारावर नाव असलेल्याच्या क्षेत्रावर. दुसऱ्याच्या शेतात वा मिठागरात राबणाऱ्याचा हक्क ह्या गणितात मुळातच बसत नव्हता. आणि हाच प्रश्न मार्क्सवादी पक्षाने सर्वांआधी विचारावयास हवा होता.

ही अदलाबदल केवळ कोकणपट्टीची नव्हे. मुक्त बाजाराचा आदर्श म्हणून गौरविल्या गेलेल्या ब्रिटिश हाँगकाँगमध्ये जवळजवळ सर्व जमीन शासनाच्या मालकीची होती व शासन ती पट्ट्याने देई. शेजारच्या शेंझेनमध्ये साम्यवादी शासनाने १९८७ च्या डिसेंबरात जमिनीच्या वापरहक्काचा जाहीर लिलाव केला आणि पुढील वर्षी त्यासाठी राज्यघटनाही दुरुस्त केली. तेथे आधी लिलाव झाला आणि तत्त्व मागाहून आले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

भाषेने ह्या व्यवहाराची नोंद राज्यशास्त्रापेक्षा अधिक प्रामाणिकपणे ठेवली आहे. ‘मोबदला’ हा अरबीतून आलेला शब्द मूळचा अदलाबदलीचा, म्हणजे दोन समकक्षांच्या देवघेवीचा. भूसंपादनात तो एका पक्षाने ठरवावयाच्या रकमेचे नाव झाला. ‘वाटा’ हा शब्द घरातला, भाऊबंदकीचा. तो मागणाऱ्याने आपण परके नसल्याचा दावा केला. ‘प्रकल्पग्रस्त’ ह्या शब्दातील उत्तरपद तर पूरग्रस्त, रोगग्रस्त ह्यांतलेच आहे. ज्याच्या जमिनीवर नगराचा खर्च भागावयाचा त्यास आपत्तीत सापडलेला म्हणून ओळखावे, ही शासकीय मराठीची किमया! आणि ‘साडेबारा टक्के’ हे तर द्रोणागिरीत संख्यावाचक राहिलेलेच नाही. ते भूखंडाच्या एका जातीचे नाव बनले असून खरेदीविक्रीच्या बोलण्यात त्याच अर्थाने येते.