अणुइंधनाच्या तक्त्यात न काढलेले दोन बाण

अणुऊर्जेचा पाठ शिकवताना बहुधा एकाच धर्तीचा तक्ता वापरला जातो. खाण, इंधननिर्मिती, अणुभट्टी, पुनर्प्रक्रिया आणि पुन्हा इंधन असे चौकोन गोलाकार मांडलेले, आणि वर शीर्षक ‘अणुइंधन चक्र’. तक्ता सुबक दिसतो. पण आमच्या मते तो फसवा आहे. चक्र म्हटले की मुलांना जलचक्र आठवते, आणि येथेही मागे काही उरत नाही असे ती धरून चालतात.

खाणीपाशीच पाहा. झारखंडमधील जादूगुडा येथे एक टन धातुकातून जेमतेम अर्धा किलो युरेनियम मिळते. उरलेला जवळजवळ सगळा टन दळलेल्या गाळाच्या रूपात मागे राहतो, आणि त्यातील बारीक भाग तलावांत साठतो. धातुकातील सुमारे ८५ टक्के किरणोत्सार या गाळातच राहतो, कारण थोरियम-२३० आणि रेडियम-२२६ ही युरेनियमबरोबर निघून जात नाहीत. रेडियम-२२६ चे अर्धायुष्य १,६०० वर्षे, थोरियम-२३० चे सुमारे ७५,००० वर्षे. तक्त्यात या तलावाला चौकोनच नसतो.

पुढे हैदराबादला इंधनाच्या गोळ्या आणि नळ्या तयार होतात. हा भाग तक्ते बरा दाखवतात.

जड पाण्याच्या भट्टीतून बाहेर आलेल्या इंधनात जवळजवळ ९९ टक्के युरेनियमच असते, आणि एक टक्क्याहून कमी प्लुटोनियम. तुर्भे, तारापूर व कल्पाक्कम येथील पुनर्प्रक्रियेत ही दोन्ही वेगळी काढतात. या दोघांपुरता ‘चक्र’ हा शब्द खरा आहे. कल्पाक्कमची १९८५ साली सुरू झालेली प्रायोगिक प्रजनक भट्टी प्लुटोनियमयुक्त इंधनावरच चालते. पण विखंडनातून जन्मलेली द्रव्ये परत फिरत नाहीत. ती काचेत बद्ध करून पोलादी डब्यांत ठेवतात. त्यांतील सीझियम-१३७ चे अर्धायुष्य ३० वर्षे. ३०० वर्षांनी त्याचा हजारावा भाग उरेल, हे गणित वर्गात सहज करून घेता येते. मात्र त्याच काचेत नेप्च्युनियम-२३७ ही असते, आणि त्याचे अर्धायुष्य २१ लाख वर्षे! काही तक्त्यांत येथे ‘विल्हेवाट’ असे छापलेले असते. डबे खोल खडकात कायमचे पुरण्याची जागा भारतात अद्याप तयार झालेली नाही. जे चालते ती राखण आहे.

तक्ता फेकून देण्याची गरज नाही. त्यावर पेन्सिलीने दोन बाण बाहेर काढावेत, एक गाळाच्या तलावाकडे व दुसरा काचेच्या डब्यांकडे, आणि दोहोंच्या टोकाशी वर्षे लिहावीत.