जॅक जॉन्सनचं हसू

आज आपण एक नाटक आणि एक फिल्म शेजारी शेजारी ठेवून पाहणार आहोत. दोन्हींचा विषय एकच माणूस आहे, जॅक जॉन्सन. टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनचा, एके काळी गुलाम असलेल्या आईवडिलांचा मुलगा. १९०८ साली सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून तो हेवीवेट गटातला पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता झाला.

नाटक म्हणजे हॉवर्ड सॅकलरचं ‘द ग्रेट व्हाइट होप’. १९६९ चं पुलित्झर पारितोषिक त्याला मिळालं. नायकाचं नाव बदलून जॅक जेफरसन केलंय, पण माणूस लगेच ओळखू येतो. नाटकात ताकद आहे, याबद्दल वाद नाही. खटला, परदेशातली वणवण, गोऱ्या प्रेयसीची आत्महत्या आणि शेवटी हवानातला पराभव. प्रेक्षक हळहळत बाहेर पडतो. आमची तक्रार नेमकी या हळहळीबद्दल आहे. हरलेल्या कृष्णवर्णीय माणसाबद्दल कणव वाटणं फार सोपं असतं. जिंकणारा सोसतो का, हा खरा प्रश्न.

आता फिल्मकडे वळू. ४ जुलै १९१०, रेनो, नेवाडा. निवृत्त झालेल्या जिम जेफ्रीजला गोऱ्यांची इभ्रत राखायला परत आणलं होतं. पंधराव्या फेरीत तो कोसळला. पण बघा, या फिल्ममध्ये ठोशांइतकंच महत्त्वाचं आहे ते जॉन्सनचं निवांतपण. तो समोरच्याचे हात अडवतो, मिठीत धरून ठेवतो, हसतो, बोलतो. जेफ्रीजच्या कोपऱ्यातून जिम कॉर्बेट त्याला वर्णावरून शिव्या देतोय. गंमत म्हणजे, हा कॉर्बेट स्वतः बचावाच्या शास्त्रशुद्ध खेळासाठी नावाजलेला. त्याचीच विद्या जॉन्सन त्याच्यासमोर वापरत होता.

त्या रात्री अनेक शहरांत दंगली झाल्या, कृष्णवर्णीय माणसं मारली गेली. मग ठिकठिकाणी फिल्मवर बंदी आली. १९१२ साली तर काँग्रेसनं मुष्टियुद्धाच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायलाच बंदी केली. सिडनीतही पोलिसांनी चौदाव्या फेरीत लढत थांबवली, तेव्हा चित्रीकरणसुद्धा तोडलं होतं. म्हणजे भीती ठोशाची नव्हती, तो पुन्हा पुन्हा दिसण्याची होती. सत्तेला या फिल्मचा अर्थ समीक्षकांच्या आधी कळला, असंच म्हणावं लागेल.

याचा अर्थ जॉन्सनला संत करायचा, असा नाही. जगज्जेता झाल्यावर त्यानं सॅम लँगफर्डसारख्या तगड्या कृष्णवर्णीय प्रतिस्पर्ध्याला किताबाची संधी दिली नाही. आपल्यासाठी उघडलेलं दार त्यानं इतरांसाठी जवळजवळ बंदच ठेवलं. नाटकातल्या बळीच्या प्रतिमेत हा हिशेबी माणूस बसत नाही, आणि म्हणूनच ती प्रतिमा अपुरी आहे.

आणखी एक गोष्ट. १९१५ साली हवानात जेस विलार्डनं सव्विसाव्या फेरीत जॉन्सनला हरवलं. गोऱ्या अमेरिकेला ती फिल्म डोळे भरून पाहायची होती. पण १९१२ च्या कायद्यात बाहेरून फिल्म आणायलाही मनाई होती आणि सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. जॉन्सनचा विजय झाकायला केलेल्या कायद्यानं त्याचा पराभवही झाकून टाकला. पन्नासेक वर्षांनी सॅकलरच्या नाटकानं तोच पराभव रंगमंचावर आणला. नाटक जरूर पाहा, पण त्याआधी रेनोची फिल्म पाहा. वर्णभेदाला काय सहन झालं नाही, ते तिथं दिसतं.